सिग्नल एकानंच द्यायचा

दौलतकाका बावनकर कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते ओरडून. नवीन माणसाला वाटायचं, या घरात भांडण चाललंय. आम्ही शेजारी होतो, आम्हाला माहीत होतं की ते फक्त चहा मागताहेत.

वैशाली नगरात त्यांचं आणि आमचं घर एकमेकांना लागून आहे, मध्ये छातीइतकी भिंत. काका मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी इकडे छत्तीसगडात, भिलाईला आले आणि हथखोजच्या एका रोलिंग मिलमध्ये लागले. पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, क्रेनला सिग्नल देण्याचं. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसतो, त्याला खालचा आवाज ऐकू जात नाही. म्हणून खाली एक माणूस उभा राहतो आणि हातानं सांगतो: उचल, उतरव, डावीकडे घे, हळू, थांब. तो माणूस म्हणजे काका. निवृत्त झाले तेव्हा त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेलेले होते. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. ऐकण्यासारखं लोक फार थोडं बोलतात, असं त्यांचं मत होतं.

त्यांची माझी खरी ओळख पाण्याच्या टाकीवरून झाली. आमच्या गच्चीवर नवी टाकी चढवायची होती. चार मजूर, एक दोर, आणि खालून सूचना देणारे माझ्या नवऱ्यासह सहा जण. टाकी अर्ध्यावर भिंतीला अडकून डोलायला लागली. काका लुंगीवरच बाहेर आले, सगळ्यांना हातानं मागे सारलं, गल्लीच्या मध्यभागी उभे राहिले आणि वरच्या मजुरांना "माह्याकडे पाहा" एवढंच ओरडले. मग फक्त एक बोट आणि एक तळवा. टाकी कुठेही न घासता वर जाऊन बसली. नंतर मला म्हणाले, "मास्तरीनबाई, सिग्नल एकानंच द्यायचा. दोघांनी देल्ला का माल पडते." मी प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते, म्हणून मी मास्तरीनबाई. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, शंका आहे.

काकू आधीच गेलेल्या. घरात मुलगा राजू, तो स्टील प्लांटमध्ये शिफ्टवर जायचा, आणि सून सरिता. सरिता गोंदियाची, घरी ब्लाउज शिवायची. लग्न होऊन आल्यावर पंधरा दिवसांत ती काकांचे इशारे शिकली. तळवा खाली केला की भात पुरे. एका हातावर दुसरा हात स्थिर धरला की घाई नको. सासरा आणि सून दिवसच्या दिवस एक शब्द न बोलता घर चालवायचे आणि दोघांचं उत्तम जमायचं. राजूपेक्षा सरितालाच काका जास्त कळायचे, हे राजूही कबूल करायचा.

मग अन्वी झाली.

शिवणाचं मशीन सुरू असताना बाळ कोणाकडे तरी ठेवायला हवं, म्हणून ते काकांकडे असायचं. काका ओट्यावर पाय पसरून बसायचे, पायांवर उशी, उशीवर ती, तोंड त्यांच्याकडे. त्यांना अंगाई येत नव्हती. त्यांना जे येत होतं ते त्यांनी तिला दाखवलं. बोट वर करून गोल फिरवायचे आणि तिला उचलायचे. बोट खाली करून फिरवायचे आणि खाली ठेवायचे. पाचव्या-सहाव्या महिन्यात एक दिवस त्यांनी बोट वर केलं आणि पोरीनं दोन्ही हात वर केले. काका भिंतीवरून इतक्या मोठ्यानं ओरडले की मी हातातली कढई ठेवून धावले.

त्यानंतर तो गल्लीचा खेळच झाला. दहाव्या महिन्यात पोर रांगत असायची, काका समोरून तळवा आडवा धरायचे आणि ती जागच्या जागी थांबायची, एक हात हवेत. बोट खाली केलं की बसायची. भाजीवाला ठेला थांबवून बघायचा. "बबा, ए नोनी तो आपरेटर बनही," तो त्याच्या छत्तीसगढीत म्हणायचा, ही पोरगी क्रेन चालवणार. काकांना ऐकू यायचं नाही, पण तो हसतोय एवढं पुरायचं. "सारं समजते तिले," ते सगळ्यांना सांगायचे. "तोंडानं बोलाची गरजच काय?"

सरिताला नवव्या महिन्यापासून काळजी लागली होती. तिच्या बहिणीचा मुलगा याच वयाचा, दिवसभर बा-बा-बा करायचा. अन्वी पाचव्या महिन्यात तसे आवाज काढायची, मग हळूहळू गप्प झाली. सरिता फोनवर वाचायची, कोणत्या महिन्यात बाळानं काय करायला हवं, आणि मला भिंतीवरून दाखवायची. हाक मारली की वळायला हवं. बाराव्या महिन्यात एखादा शब्द यायला हवा. राजू म्हणायचा, फोन बाजूला ठेव. काकांच्या बहिणीनं सांगितलं की राजू स्वतः तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता आणि नंतर कोणाला बोलू देत नव्हता. मागच्या गल्लीतल्या बाईनं पोपटानं टोचलेला जाम, म्हणजे आपला पेरू, आणून दिला. तो खाल्ला की मूल लवकर बोलतं म्हणतात. सरितानं त्याची फोड किसून अन्वीला भरवली आणि मग ओशाळून मला येऊन सांगितलं.

"ताई, डॉक्टरले दाखवू का?" तिनं विचारलं. "तुम्ही इतकी लेकरं पाहता. तुमाले काय वाटते?"

ओट्यावरून काकांना कळलं की विषय अन्वीचा आहे. त्यांनी हात वर केला, पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोट माझ्याकडे वळवलं, पोर माझ्याकडे रांगत आली. मी वीस वर्षं पहिलीचा वर्ग घेते. मी सरिताला म्हटलं, "समजतं ना सगळं? मग बोलेल." ती बरं म्हणाली आणि घरात गेली. हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोलले, म्हणून इथे लिहून ठेवते.

दीड वर्षाच्या लसीला राजूची फर्स्ट शिफ्ट होती. शाळेला सुटी होती, म्हणून सरिताला आणि अन्वीला मी स्कूटरवर नेलं. काका मागून सायकलवर आले. सुईच्या वेळी आपण समोर असायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. आरोग्य केंद्रात गर्दी होती, पाच-सहा बायका, मांडीवर पोरं. सिस्टर वयस्क होत्या, घाईत होत्या. कार्डावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, कितने शब्द बोलती है? सरिता म्हणाली, बोलत नाही अजून, पण समजतं सगळं. सिस्टरनी लिहिणं थांबवलं. अन्वीच्या मागे जाऊन त्यांनी टाळी वाजवली. अन्वी वळली.

"देखा, समझती है," सरिता म्हणाली.

सिस्टर अन्वीकडे पाहत नव्हत्या. त्या समोर उभ्या असलेल्या काकांच्या हाताकडे पाहत होत्या. "बाबूजी," त्या म्हणाल्या, "आप ज़रा दरवाज़े पर खड़े हो जाइए." काकांना ऐकू आलं नाही. सरितानं इशारा केला तेव्हा ते दारात जाऊन उभे राहिले. सिस्टर परत अन्वीच्या मागे गेल्या. टेबलावरचा स्टीलचा ट्रे उचलला आणि फरशीवर सोडून दिला.

मी दचकले. सगळ्या बायका दचकल्या. एकूण एक पोर रडायला लागलं. त्या खोलीत दोनच माणसं हलली नाहीत: दारातले काका आणि सरिताच्या मांडीवरची अन्वी. ती सरिताच्या मंगळसूत्राशी खेळत राहिली.

सिस्टर खाली वाकून ट्रे उचलत होत्या तेव्हा काकांना तो दिसला. मग त्यांनी रडणाऱ्या पोरांकडे पाहिलं, मग अन्वीकडे. पस्तीस वर्षं त्यांनी डोळ्यांनी काम केलं होतं, त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. सिस्टरनी सरिताला रायपूरच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली. काका सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले, बसले नाहीत.

रायपूरला अन्वीला झोपवून तपासणी केली. दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, जन्मापासून. डॉक्टरांनी विचारलं, इतका उशीर का केला, सहाव्या महिन्यात आणायला हवं होतं. सरिता म्हणाली, आम्हाला समजलं नाही. सासऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. तिथेही नाही, नंतरही नाही.

राजूनं घेतलं. त्या संध्याकाळी तो अंगणात उभा राहून इतक्या मोठ्यानं बोलला की काकांना एकही शब्द दोनदा विचारावा लागला नाही. "सरिता म्हणत होती नवव्या महिन्यापासून. म्हणत होती का नव्हती? तुम्ही तमाशा दाखवत राहिले अन् आमी पाहत राहिलो. एक वर्ष गेलं, बाबा. डॉक्टर म्हणते, हेच वर्ष कामाचं होतं." काका खुर्चीवर बसून त्याच्या तोंडाकडे पाहत होते. राजू थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?" त्यात उद्धटपणा नव्हता. अजून काही असेल तर तेही ऐकून घ्यायचं, असा तो प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीशी आले. त्यांनी आवाज बारीक करायचा प्रयत्न केला, तो त्यांना जमत नसे.

"मास्तरीनबाई, सरितानं एकदा मागून थाळी वाजवून पायली होती. पोरगी वळली होती."

मी म्हटलं, "सरितानं सांगितलं होतं मला."

"मीच देल्ला होता सिग्नल. थाळी दिसली, मले वाटलं, पोरीले दाखवा आई काय करून राहिली ते. बोट केलं मागं. मी फसवत नव्हतो."

मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी ते माझ्या ओठांवर वाचलं की नाही, कळलं नाही. मीसुद्धा हेच पाहून सरिताला घरी बसवलं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. भिंतीवरून ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

पुढे अन्वीला कानाचं मशीन लागलं, त्याचा उपयोग झाला नाही. मग ऑपरेशन झालं, कानामागे यंत्र बसवलं. तोवर अन्वी तीन वर्षांची होत आली होती. यंत्र बसलं म्हणजे मूल दुसऱ्या दिवशी बोलतं, असं गल्लीला वाटलं होतं. तसं नसतं. ऐकणं आधी शिकवावं लागतं. आठवड्यातून दोनदा सरिता तिला रायपूरला थेरपीला न्यायची. पावर हाऊसच्या स्टँडवरून बस, दोन तास जाऊन-येऊन, उरलेला दिवस घरी अभ्यास. एकच भाषा ठेवा, असं थेरपीच्या मॅडमनी सांगितलं. सरितानं मराठी ठेवली, कारण तिला हिंदीत रागावता येत नाही.

आणखी एक गोष्ट मॅडमनी सांगितली. घरात इशारे पूर्ण बंद. हातानं काम भागलं तर पोर कान वापरणार नाही. सरिता दोन दिवस ती गोष्ट पोटात घेऊन फिरली, मग माझ्याकडे आली. "ताई, मी नाही सांगू शकत बाबाले. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. ओरडूनच सांगावं लागलं, सगळ्या गल्लीनं ऐकलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण म्हणते असं?"

"थेरपीवाली मॅडम."

"तीच एकटी सांगते ना? दुसरं कोणी आडवं सांगून नाही राहिलं?"

"नाही."

"मंग ठीक आहे. सिग्नल तिचा."

हल्ली मी वाचते की सगळीकडे असं सांगत नाहीत. हातही चालू द्या, त्यानं बिघडत नाही, असं म्हणणारेही आहेत. काकांना हे सांगणारं कोणी भेटलं नाही. मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

हातांना सवय असते. पहिल्या दिवशी काका हात मांड्यांखाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी कुर्त्याच्या खिशात. चौथ्या दिवशी त्यांनी सरिताकडे लसूण मागितला. दोन्ही हात गुंतलेले राहतील असं काम त्यांना हवं होतं. त्या वर्षी आमच्या ओळीतल्या पाच घरांचा लसूण काकांनी सोलला. लसूण संपला की मटार, मटार संपला की चिंच. मी स्वतः त्यांना दोन किलो चिंच फोडायला दिली आणि फुकटात काम झालं म्हणून खूश झाले. नखांखाली चिरा पडल्या तरी ते थांबले नाहीत.

अन्वीला हे कोणी समजावणार कसं? ती येऊन त्यांच्यापुढे उभी राहायची आणि बोट वर करून फिरवायची: उचल. काका लसणाकडे पाहत. तिला वाटायचं, आबाला दिसलं नाही. ती जवळ यायची, हात आणखी उंच करायची, बोट आणखी मोठं फिरवायची. मग टाचा उचलून. मग त्यांच्या गुडघ्यावर थापट्या मारायची. मशीनवरून सरिता म्हणायची, "अन्वी, तोंडानं सांग. उचल म्हण. उचल." काका मान खाली घालून सोलत राहायचे. एकदा त्यांच्या ताटात पाकळ्यांपेक्षा सालं जास्त होती आणि सालंच त्यांनी डब्यात भरली. महिनाभरानं तिनं त्यांना विचारणं सोडून दिलं. ती आईकडे जाऊ लागली.

मी सरिताला म्हटलं, आता तरी काकांना कानाचं मशीन घेऊन द्या, पोर बोलेल ते त्यांना ऐकू येईल. राजूनं घेऊन दिलं. तोवर त्याचा राग ओसरला होता. काकांनी ते आठ दिवस लावलं. मी विचारलं, कसं वाटतं, तर म्हणाले, "मिल सुरू झाली कानात. बोलणं नाही येत, खडखड येते." मशीन डबीत गेलं.

मग त्यांनी स्वतःची एक व्यवस्था लावून घेतली. संध्याकाळी मी तुळशीपाशी आले की ते भिंतीशी यायचे. "आज काही म्हणली का?" घरात विचारायला त्यांना संकोच वाटायचा. मी दिवसभरात भिंतीपलीकडून जे ऐकलं असेल ते सांगायची. आज पाणी म्हणाली. आज आई म्हणाली, स्पष्ट. आज कुत्र्याला भू म्हणाली. काहीच ऐकलं नसेल तर काहीच नाही, असं सांगायची. एकदा दया येऊन मी एक शब्द मनानं जोडला. त्यांनी लगेच विचारलं, "कोणाजवळ म्हणली? कुठं उभी होती?" मला सांगता आलं नाही. "खोटा सिग्नल नका देऊ," ते म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर मी जोडला नाही.

अन्वी पाच वर्षांची झाली तोवर ती बोलायला लागली होती. आवाज जरा सपाट, र आणि श नीट येत नसत, पण समजायचं. शाळेतही जायला लागली. आणि त्याच हिवाळ्यात काकांचं पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी राजूला बाजूला घेऊन सांगितलं. काकांनी ते राजूच्या चेहऱ्यावरून घेतलं आणि पुन्हा विषय काढला नाही. आता त्याला दोन वर्षं झाली.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत एका दुपारी मी त्यांच्यासाठी मुगाची पातळ खिचडी घेऊन गेले. खाट अंगणात उन्हात टाकली होती, काका शालीत गुंडाळलेले, पाठीला दोन उशा. सरिता दोरीवर कपडे घालत होती. अन्वी शाळेच्या ड्रेसमध्येच दाराशी उभी राहून काहीतरी सांगत होती, मॅडमनी कोणाला उभं केलं, कोणाचा डबा सांडला. थांबत नव्हती. काका तिच्या तोंडाकडे पाहत होते.

मग त्यांनी शालीतून हात बाहेर काढला. दोन वर्षांत मी तो हात रिकामा पाहिला नव्हता. अगदी बारीक झाला होता. तळवा वर करून त्यांनी चार बोटं स्वतःकडे वळवली, पुन्हा वळवली, सावकाश. माल माझ्याकडे येऊ दे, असा तो इशारा.

अन्वी बोलायची थांबली. तिनं हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी वाटीतला चमचा धरून उभी होते. मला वाटलं, तिला आठवेल.

ती आईकडे वळली. "आई, आबाचा हात दुखून लाह्यला का?"

सरितानं तोंड ओल्या चादरीकडे केलं. काकांना ओठ हललेले दिसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणली?"

मी खाली वाकले, त्यांच्या कानाशी गेले आणि ती जे म्हणाली ते तसंच्या तसं सांगितलं.

काकांनी विचारलं, "पूरं म्हणली? का तुटक?"

"पूरं म्हणाली, काका. एका दमात."

"सांगा तिले, नाही दुखत."

मी अन्वीला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि आईला क्लिपा द्यायला गेली. काकांनी हात शालीत घेतला आणि वाटीकडे पाहून मान हलवली, की खिचडी आता खातो.